खोकल्याचं व्याकरण

निभा दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा तिच्या सासूने गावात सांगितलं, की सून गणितात पास झाली. ते खोटंही नव्हतं. गणितात निभाला इतके गुण होते की त्यातले थोडे शेजारच्या दोघींना वाटले असते, तरी तिघी मिळून बँकेत लागल्या असत्या. पण बँकेच्या कारकुनीच्या परीक्षेत इंग्रजीची चूल वेगळी मांडलेली असते. तिथे ठरलेले गुण पडले नाहीत, तर बाकीच्या चुलींवर काहीही शिजलेलं असो, उपाशीच उठायचं. निभा दोन्ही वेळा अशीच उठली होती. पहिल्यांदा बऱ्याच गुणांनी, आणि दुसऱ्यांदा इतक्या थोड्या गुणांनी की त्यापेक्षा पहिली वेळ बरी होती असं वाटावं.

आता एकच संधी उरली होती. पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं, आणि मी अजून लहान दिसते असं सरकारी नियमाला सांगून चालत नाही. नवरा मुकुंद सुरतेला कापडाच्या गिरणीत हिशेबाला होता. छठपूजेला यायचा, होळीला यायचा आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढूनच यायचा. त्याचं म्हणणं असं, की तुला जिल्ह्यात कुठेही बँक मिळू दे, मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडतो. इथेच काहीतरी दुकान टाकतो, सकाळी तुला स्टेशनवर सोडतो, संध्याकाळी आणतो. हे तो हसत हसत म्हणायचा. निभा मात्र ते हसण्यावारी नेत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण दोघांचे एका छपराखालचे दिवस जोडले असते तर त्यांचं एक वर्षही धड भरलं नसतं.

यातली गंमत पुढेच आहे. स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवण्यात अख्ख्या दरभंगा जिल्ह्यात ज्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, ते गृहस्थ निभाच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. त्रिलोचनबाबू. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठल्या बँकेत, कुठल्या पोस्टात, रेल्वेच्या कुठल्या खिडकीमागे बसलेली नव्हती ते विचारावं. पुढे मुलं मोबाईलवर शिकायला लागली, त्यांचा शहरातला क्लास ओस पडला. बायको त्याआधीच गेली होती. तेव्हा ते गावी परत आले आणि घराच्या पुढच्या बाजूला, पुरुषांच्या बैठकीच्या दालानात, खाट टाकून वर्तमानपत्र वाचत राहू लागले.

पण त्रिलोचनबाबू मुकुंदचे सर्वांत थोरले भाऊ, म्हणजे निभाचे भैंसूर. भैंसुराशी धाकट्या भावाची बायको बोलत नाही. त्यांच्यासमोर येत नाही, त्यांच्या खाटेला हातसुद्धा लावत नाही. हे बंधन दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे तेही आतल्या अंगणात पाऊल टाकण्याआधी दारात उभे राहून खोकायचे. मग हिने पदर ओढायचा आणि आत व्हायचं. सहा वर्षांत निभाला त्यांचा चेहरा नीटसा ठाऊक नव्हता. खोकला मात्र पाठ होता.

दुसऱ्या निकालानंतर मुकुंद फोनवर म्हणाला, अगं, दादाला विचार ना. मग विचारणार कसं, हे दोघांनाही आठवलं. थोड्या वेळाने त्यालाच सुचलं, की मोबाईलवर लिहून विचारावं, लिहिण्यात कुठे बोलणं आलं. प्रश्न सासूपुढे गेला. सासूला गावातले निम्मे लोक माय म्हणत, सूनही मायच म्हणे. माय अक्षरशत्रू होती, पण रीतिरिवाजाच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे हायकोर्ट. तिने विचार करून निकाल दिला, की लिहिणं हे बोलण्यापेक्षा वाईट. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं चंद्रकलेच्या हाती लागतं. चंद्रकला काकी शेजारीण होती, आणि या बाबतीत मायचा अनुभव दांडगा होता.

त्यामुळे निभा आपली आपणच अभ्यासाला लागली. सकाळी माय तळ्यावर अंघोळीला गेली की ती अंगणात विळी घेऊन बसायची, प्रश्नांचं पुस्तक पाण्याच्या घागरीला टेकवायची, आणि भाजी चिरता चिरता मोठ्याने वाचायची. मोठ्याने वाचलं की डोक्यात राहतं असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

एका सकाळी ती वाचत होती, 'ईच ऑफ द बॉइज हॅव'. तेवढ्यात दारापलीकडून खोकला आला. तिने विळी आडवी केली, पदर ओढला, खांबाआड झाली. कोणी आलं नाही. थोडी वाट पाहून ती परत बसली आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा खोकला. पुन्हा ती खांबाआड. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मात्र ती जागची हलली नाही. तिने पुस्तकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि अगदी हळू, चाचपत म्हणाली, 'ईच ऑफ द बॉइज हॅज'.

दालानात शांत झालं. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी निभाने सुरणाच्या भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि कोणी काही बोललं नाही. कारण मायनेही परतताना ते सगळं पाहिलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर ती दालानाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "बौआ, तुला सकाळी सकाळी ठसका कशाचा लागतो?" पन्नाशी उलटलेला हा बौआ, म्हणजे बाळ, म्हणाला, की माय, इतकी वर्षं याच गोष्टींवर पोट भरलं, चूक कानावर आली की राहवत नाही, घशात अडकते. यावर मायने बराच वेळ विचार केला. बोलायला बंदी होती. ऐकायला बंदी असल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मायने अंगण आणि दालान यांच्यामधल्या दारात पाट टाकला आणि सुपारी, अडकित्ता घेऊन ती ऐन मधोमध बसली. इकडे अंगणात निभा, तिकडे दालानात त्रिलोचनबाबू. दोघांना एकमेकांचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. पण मायच्या तोंडून पुन्हा आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही, असा नियम ठरला.

त्रिलोचनबाबू म्हणायचे, "माय, तिला सांग, ईच म्हटलं की पुढे मुलं कितीही असोत, क्रियापद एकट्याचं."

माय मान वळवून म्हणायची, "कनिया, मुलं कितीही असोत, आपण एकट्याचं बघायचं, असं म्हणतोय."

कनिया म्हणजे नवी नवरी. सहा वर्षांची जुनी नवरी मान हलवायची, मग ती मान हलवल्याचं माय पलीकडे कळवायची.

सुरुवातीला माय जसंच्या तसं पोचवत असे. पुढे तिला वाटायला लागलं, की नुसतं हमालासारखं ओझं इकडून तिकडे टाकण्यात काय अर्थ आहे. तिने सांगून टाकलं, अर्थ कळल्याशिवाय मी शब्द पुढे जाऊ देणार नाही. त्यामुळे त्रिलोचनबाबूंना प्रत्येक शब्द आधी आईला पटवून द्यावा लागे, आणि आईला पटण्यासाठी तो गावात कुठेतरी नांदताना दाखवावा लागे. फ्रूगल म्हणजे काटकसरी, म्हणजे चंद्रकला काकी. रिलक्टंट म्हणजे मनात नसताना येणारा, म्हणजे धाकटा जावई. ऑब्स्टिनेट म्हणजे हटवादी. इथे मायने मुलाकडे रोखून पाहिलं, तेव्हा त्याने घाईघाईने गायीचं नाव घेतलं. स्पेलिंगचंही तसंच. कमिटी लिहिताना अक्षरं कुठे जोडीने येतात ते मुलांना हमखास चुकतं. त्यांनी सांगितलं, माय, ती पंचायत आहे, तिथे शेवटाकडे एकटा कोणी बसत नाही, सगळे आपापला माणूस शेजारी घेऊन बसलेत. निभाने या शब्दात पुन्हा कधी चूक केली नाही.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. नियम ते फार थोडे सांगत. म्हणत, वाक्य तोंडात घोळवायचं, भातातल्या खड्यासारखी चूक दाताखाली आली पाहिजे. खडा लागल्यावर तो कुठल्या शेतातून आला ते शोधायचं की नाही, हे नंतर बघू. निभाला आतापर्यंत नियमांची पोती पाठ होती आणि खडे तसेच गिळले जात होते. आता हळूहळू दात शिकायला लागले.

चंद्रकला काकीला वास लागायचा तो लागलाच. ती एकदा तळ्यावर म्हणाली, की सुनेला भैंसुराची शिकवणी लावली म्हणे, जमाना फारच पुढे गेला बाई. मायने कपडे आपटणं थांबवलं नाही.

"शिकतेय मी," ती म्हणाली. "सून नुसती ऐकते."

शिकवणं असं दुपारी मायमार्फत चाले. तपासणं मात्र सकाळी, माय तळ्यावर असताना, खोकल्याने. निभा प्रश्न वाचायची, उत्तर म्हणायची आणि थांबायची. खोकला आला की उत्तर खोडून दुसरं. शांतता असली की बरोबरची खूण. लाल शाईपेक्षा हे सोपं होतं, आणि जरा लाजरंही, त्यामुळे तिला ते आवडत होतं. दिवाळी गेली, छठ झाली. मुकुंद येऊन गेला, पहिल्या दिवशी दारातला पाट पाहून पोट धरून हसला, दुसऱ्या दिवशी स्वतःच अंगणात बसून ऐकायला लागला. जाताना म्हणाला, या घरात सगळे एकमेकांशी एवढं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. निभाचे गुण चढत होते. माय गायीला इंग्रजीत शिव्या देत होती. घरातल्या कोणालाही विचारलं असतं, तर कोणी कसलीच तक्रार केली नसती.

फक्त एक गोष्ट हळूच घडत होती आणि ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. उत्तर पक्कं ठाऊक असलं तरी निभा आता आपणहून खूण करत नसे. आधी कान दालानाकडे जायचा.

परीक्षा पौषात, एका रविवारी होती. तिच्या आधीच्या आठवड्यात समस्तीपूरहून निरोप आला, की मायच्या धाकट्या लेकीला मुलगा झाला आणि छठीला, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवसाच्या पूजेला, आजी हवीच. माय दोन दिवस तळमळली. शेवटी सुनेला म्हणाली, की दुपारचा वर्ग आता पुरे झाला, सकाळचं तुमचं चालू ठेवा, मी नसताना कोणी कोणाशी बोलायचं नाही, आणि गाडीत बसून गेली.

ती गेली त्या रात्रीपासून धुकं उतरलं. सकाळी अंगणातून दालानाचं दार दिसेना असं धुकं. निभा शाल गुंडाळून बसली, पुस्तक घागरीला टेकवलं आणि सुरुवात केली. पहिल्या पाच प्रश्नांत तीनदा खोकला आला. ती चपापली. थंडीने डोकं चालत नसेल म्हणून तिने चहा केला आणि पुन्हा बसली. पुन्हा तेच. जी स्पेलिंगं ती झोपेत सांगू शकली असती, त्यांवर खोकला. ज्या वाक्यात खडा नाही असं दात सांगत होते, त्यावर खोकला. तिने निमूटपणे खोडलं आणि दुसरं उत्तर घातलं. कधी दुसऱ्यावरही खोकला आला, मग तिसरं.

दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. तिसऱ्या दिवशी तिला अशी शंका यायला लागली, की आपण इतके महिने सगळं उलटं शिकलो की काय. कालची बरोबर उत्तरं आज चूक निघत होती, आणि खोडलेल्या खुणांनी पानं कावळ्यांनी टोचल्यासारखी झाली होती. कमिटीवरसुद्धा खोकला आला. मायची पंचायतसुद्धा उठून गेली म्हटल्यावर निभाने पुस्तक मिटलं.

मुकुंदला फोन करून तिने सांगितलं, मी परीक्षेला बसत नाही. तो आधी हसला, मग घाबरला. म्हणाला, थांब, मी दादाला फोन करतो.

"करून काय सांगशील?"

"तू घाबरलीयस म्हणून सांगतो."

"मग ते म्हणतील, घाबरू नको म्हणावं. आणि तू मला तेच सांगशील." निभा म्हणाली. "मला 'घाबरू नको' नकोय. मला सतरावा प्रश्न हवाय."

सतराव्या प्रश्नाचं मुकुंदला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तो म्हणाला, मग जे करायचं ते तूच कर, मी ऐकलं नाही असं समजतो.

दुपारी धुकं जरा वर उचललं. निभाने पदर कपाळाखाली ओढला, पुस्तक छातीशी धरलं आणि मधल्या दाराच्या अलीकडे भिंतीला खांदा लावून उभी राहिली. मायचा पाट रिकामा होता. तिने त्या पाटालाच विचारलं.

"सतराव्याचं उत्तर ब आहे ना?"

दालानातून खोकला आला.

"मग क?"

पुन्हा खोकला.

"ड? इ?"

आता उबळच आली, लांबलचक, थांबता थांबेना. ती संपल्यावर खाट करकरली, कोणीतरी लोटा उचलून पाणी प्यायलं. निभा पुस्तकाकडे पाहत राहिली. अ तिने सकाळीच खोडला होता. पाचच्या पाच उत्तरं चूक असलेला प्रश्न कोणी काढलेला नसतो. इतकं गणित तिला येत होतं.

पाट सोडून ती थेट दाराकडे वळली.

"हा खोकला खरा आहे का?"

तिला वाटलं, आता ते उठून मागच्या वाटेने निघून जातील, आणि माय आल्यावर काय होईल ते होईल. मग बसलेला, खरवडल्यासारखा आवाज आला.

"खरा आहे."

"सगळा?"

"माय गेली त्या दिवसापासूनचा सगळा. मी झोपेतही खोकतोय." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काय बदललंत?"

तुम्ही, असं ते म्हणाले. मायला सांगताना त्याचा नेहमी 'तिला सांग' होत आला होता. ते तिला कशी हाक मारतील हे निभाला आजवर ठाऊकच नव्हतं.

"सगळंच बदललं," ती म्हणाली. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं ते हसू, आणि तेही नाकातून. पलीकडेही काहीतरी झालं. तो खोकला होता की हसणं, ते आता विचारायची सोय नव्हती.

त्यांनी तिला खोडलेलं सगळं वाचायला सांगितलं, आधीचं उत्तर आधी. ती वाचत गेली. ते एवढंच म्हणत, 'आधीचं ठेवा', 'आधीचं ठेवा'. फार क्वचित 'बदला'. पुस्तक संपत आलं तेव्हा ते म्हणाले, की इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण बरोबर उत्तर खोडायला इतकी मेहनत घेतलेली कोणी पाहिली नाही. निभा भिंतीआड लाल झाली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"चूक माझी आहे. मी तुम्हाला खोकून शिकवलं. परीक्षेत तुमच्यासाठी कोण खोकणार आहे? आता मी काही बोलणार नाही आणि खोकणारही नाही. तुमचं पहिलं उत्तर तुमचं आहे. त्यावर राहा."

बोलणार नाही हे सोपं होतं. खोकणार नाही हे त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निभा पुस्तक घेऊन बसली, तेव्हा त्रिलोचनबाबू डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी आणि हातात काढ्याचा लोटा घेऊन तळ्याच्या काठावर, आंब्याखाली जाऊन बसले. तिथून खोकला अंगणापर्यंत पोचत नव्हता. निभा एकटीने पुस्तक सोडवायला लागली. प्रत्येक उत्तरानंतर कान सवयीने दालानाकडे जात होता आणि हात हलवत परत येत होता. दोन दिवसांनी जाणं कमी झालं.

माय समस्तीपूरहून परतली ती तळ्याच्या वाटेनेच, आणि तिला दिसला धुक्यात घोंगडी पांघरून खोकणारा थोरला मुलगा. घरात आजारी माणसाला जागा उरली नाही का, असं विचारत ती अंगणात शिरली. निभाने खरं ते सांगितलं. लपवणार तरी किती, आणि कोणापासून.

माय पायरीवर बसली. "बोललात?"

निभाने मान हलवली.

"तोंडाने?"

"हो."

"माझ्याशिवाय?"

निभा ओरड्याची वाट पाहत होती. पण मायने चहाही घेतला नाही, बाळाचे केस कसे आहेत तेही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत ती सुपारी कातरत बसली, कोणाला नको होती एवढी. निभाला हळूहळू उमगलं, की मायला रीत मोडल्याचं दुःख तितकंसं नाही. इतके महिने मधोमध बसून जे तिने उभं केलं होतं, ते तिच्याशिवायही एका दुपारी चालून गेलं, याचं आहे. निभा जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, की त्यांनी रिलक्टंटचा अर्थ विचारला तेव्हा मला जावईबापूच आठवले, नियम आठवला नाही.

ही थाप होती. त्रिलोचनबाबूंनी असलं काही विचारलंच नव्हतं. पण मायचा अडकित्ता थांबला. थोड्या वेळाने तिने निकाल दिला, की आजारपणात चालतं, अंगात ताप असला की शास्त्र सूट देतं. फक्त चंद्रकलेला कळता कामा नये. आणि उद्यापासून मी आहे तिथे आहे.

रविवारी परीक्षेला दरभंग्याला मायच बरोबर गेली. फाटकाबाहेर तिने सुनेच्या पदराला शकुनाची गाठ आहे की नाही ते पाहिलं, दही खाल्लं का विचारलं, आणि शाल डोक्यावर घेऊन इतर पोरांच्या आयांमध्ये बसली.

निभाला जागा मिळाली ती खिडकीजवळ. कॉम्प्युटर चालू झाला, इंग्रजीचं पहिलं पान उघडलं, आणि मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. तिचा हात आपोआप दुसऱ्या पर्यायाकडे गेला. मग डावीकडून कोणी खोकलं. मग पुढून एक मुलगी, मग तिच्या पलीकडचा, मग सगळीकडून. पौषातलं दरभंगा होतं. अख्खं सभागृह खोकत होतं. निभाने तोंडावर पदर धरला. देखरेखीवरचे गृहस्थ संशयाने जवळ येऊन उभे राहिले, तेव्हा तिने त्यांना हातानेच सांगितलं, काही नाही, असंच. मग ती पहिल्या उत्तरावर परत गेली, तिथे खूण केली आणि पुढच्या वाक्यात खडा शोधायला लागली. वेळ संपायच्या आधी तिने पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं आणि काहीही बदललं नाही. हे तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं.

निकाल फाल्गुनात लागला. आंबा मोहरला होता आणि होळीसाठी मुकुंदचं तिकीट निघालं होतं, नेहमीसारखं जाण्यायेण्याचं. दुपारची वेळ, माय पाटावर पेंगत होती. निभाच्या मोबाईलवर पान उघडत होतं, तेही वरून खाली, एकेक ओळ, गावच्या नेटला कसलीच घाई नसल्यासारखं. गणित आलं. बुद्धिमत्ता आली. मग इंग्रजी आलं. मग सर्वांत खाली निवड झाल्याची एक ओळ आली, ती निभाने तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना ती ओळ इंग्रजीत आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

तिने मुकुंदला फोन लावला. गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेला नसावा, तो उचलेना. मग ती मायजवळ जाऊन बसली आणि तिच्या कानात सांगितलं. मायने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितल्यावर सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि तो हात तसाच तिथे राहू दिला.

दालानातलं वर्तमानपत्र केव्हाच खाली ठेवलं गेलं होतं.

"माय," त्रिलोचनबाबू म्हणाले, "काही कळलं का?"

मायने पाय पाटावर नीट घेतले, पदर सारखा केला. इतके महिने तिने इकडचं तिकडे केलं, पण सगळा माल दुसऱ्यांचा होता. ही पहिली गोष्ट तिच्या स्वतःच्या हातात आली होती, आणि ती तिला इतक्यात सोडायची नव्हती.

"कळलं," ती म्हणाली. "सांगते. आधी चहा होऊ दे."

"इंग्रजीत किती पडले?"

"चहा होऊ दे म्हटलं ना."

पलीकडे खाट करकरली. ते उठले असावेत, परत बसले असावेत. अंगणात निभाच्या मांडीवर मोबाईल वाजायला लागला, मुकुंदचं नाव दिसत होतं, आणि तो उचलायच्या आधी ती पदराने नाक पुसत होती.

"बरं, नको सांगू," त्रिलोचनबाबू म्हणाले. "एवढं तरी सांग, ती रडतेय की हसतेय?"

माय मागे वळली आणि सुनेकडे नीट, सावकाश पाहून घेतलं. चुकीची बातमी पुढे जायला नको.

"दोन्ही," ती म्हणाली. "पण रडणं संपत आलंय."